गोळीचा हिशोब आहे, दुखण्याचा कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात आठवड्याला एक तरी फोटो असतोच, अमक्याच्या वाढदिवसानिमित्त वृद्धाश्रमात फळवाटप. रांगेत बसवलेल्या आज्या, मांडीवर केळी-सफरचंदाची पिशवी आणि मागं पंधरा माणसं कॅमेऱ्याकडं बघत. चांगलंय, माझं त्याला काही म्हणणं नाही, त्या निमित्तानं का होईना कोणीतरी तिथं पाय ठेवतं. पण एवढी माणसं जाऊन येतात त्यातल्या एकानं तरी तिथली औषधांची वही बघायला मागितलीय का कधी? मागितली असेल तर त्याला माझा साष्टांग नमस्कार.

मी गोव्यात फोंडा भागात फार्मसी चालवते. आसपासच्या काही वृद्धाश्रमांची आणि केअर होमची औषधं आमच्याकडून जातात, शिवाय माझी सख्खी मावशी अशाच एका केअर होममध्ये आहे, त्यामुळं काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहितीयत. नाव कोणाचंच घेत नाही, कारण हा प्रश्न एका जागेचा नाहीच.

आता बघा, माझ्या काउंटरपर्यंत कायदा एकदम कडक आहे. ट्रॅमाडॉल हे मजबूत पेनकिलर असलेली गोळी द्यायची तर शेड्यूल एच-१ चं, म्हणजे कडक नजर ठेवायच्या औषधांचं, वेगळं रजिस्टर, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध कुठलं, किती दिलं, आणि ते रजिस्टर ३ वर्षं सांभाळून ठेवायचं, इन्स्पेक्टर येऊन कधीही मागू शकतो. २०१८ पासून ट्रॅमाडॉल एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली पण आलंय. असायलाच पाहिजे, तक्रार नाही. पण तीच स्ट्रीप माझ्या काउंटरवरून उठून वृद्धाश्रमाच्या कपाटात गेली की पुढं ती कोणाच्या पोटात गेली, किती वाजता गेली, कशासाठी दिली आणि दिल्यावर त्या माणसाचं दुखायचं थांबलं का, हे कुठं लिहिलेलं असतं? मी बघितलंय त्या बहुतेक ठिकाणी कुठंच नाही.

वही असते, नाही असं नाही. लाँग बुक, स्केलनं रेघा मारलेल्या, सकाळ-दुपार-रात्र असे कॉलम आणि त्यात टिक. मावशीच्या इथली वही मी एकदा संध्याकाळी पाचच्या सुमाराला चाळत होते तर त्या दिवशीच्या रात्रीच्या कॉलममध्ये टिक आधीच पडलेली! आणि मागचं अख्खं पान एकाच निळ्या पेनानं, एकाच हातानं, एकसारखं तिरकं, म्हणजे आठवड्याभराचं एका बैठकीत उरकलेलं. तिथल्या मुलीला विचारलं तर बिचारी सरळ म्हणाली, "दीदी, रात को टाइम कहाँ मिलता है." तिला काय बोलणार? रात्री एकटी पोर, वीसेक म्हातारी माणसं, कोणाचं डायपर, कोणाला टॉयलेटला न्यायचं, कोण उठून गेटकडं चाललंय, त्यात ती वही कधी लिहिणार. म्हणून मी तिला दोष देत नाही, पण ज्यानं तिला एकटीला ठेवलंय त्याला देते. नियम साधा आहे, गोळी गिळलेली डोळ्यानं बघायची आणि मग सही करायची, आधी नाही. घ्यायला नको म्हटलं, ओकली, गाढ झोपली होती म्हणून दिली नाही, तर तसं लिहायचं. चौकोन रिकामा सोडायचा नाही आणि खोटा भरायचा तर त्याहून नाही.

बरं, समजा टिक खरी आहे. तरी टिक एवढंच सांगते की गोळी दिली. दुखत किती होतं आणि नंतर किती राहिलं याचं काय? आमच्या म्हाताऱ्या माणसांची तर कमालच असते, विचारा त्यांना दुखतं का, उत्तर ठरलेलं, "ना गे बाय, बरी आसां." कोणाला त्रास नको, डॉक्टरला परत बोलवायला नको, बिल वाढायला नको, पोरगा तिकडं लंडनला नायतर बोटीवर, त्याच्या जिवाला घोर नको. की झालं, वहीत पडलं 'नो कम्प्लेंट्स'. त्याच आजीला कुशीवर वळवताना जरा बघा, बेडची कड कशी घट्ट धरते ती. म्हणून विचारायची पण एक रीत असते. दुखतं का असं विचारायचं नाही, ० ते १० मध्ये किती ते विचारायचं, आकडा जमत नसेल तर थोडं, बरंच की सहन होत नाही एवढं, यातलं एक सांग म्हणायचं. आणि आरामात टेकून बसल्यावर नाही विचारायचं, उठताना, चालताना, कपडे बदलताना विचारायचं, कारण हाडांचं दुखणं हलल्यावरच कळतं.

सगळ्यात मोठा घोळ एसओएसचा. कुठल्याही हॉस्पिटलचा डिस्चार्ज पेपर काढा, खाली एक ओळ असतेच, टॅबलेट अमुक, एसओएस. म्हणजे लागली तर. घरी ठीक आहे, आपलं आपल्याला कळतं. वृद्धाश्रमात कोणाला लागली तर, कोण ठरवणार? मी बघितलंय ते असं की जी आजी ओरडून मागते तिला रोज रात्री मिळते, आणि ज्याला बोलता येत नाही त्याची स्ट्रीप महिनाभर तशीच न फोडलेली. दोघांच्या कागदावर ऑर्डर सेम! एसओएस लिहिणाऱ्या डॉक्टरांना हात जोडून सांगणं आहे, पुढं अजून चार शब्द लिहा की, कुठल्या दुखण्यासाठी, दोन गोळ्यांत कमीत कमी किती तासांचं अंतर, २४ तासांत जास्तीत जास्त किती, आणि थांबलं नाही तर मला कधी फोन करायचा. आणि देणाऱ्यानं लिहायचं, वेळ, कुठं दुखतंय, देण्याआधी किती होतं, आणि साधारण तासाभरानं परत विचारून किती आहे.

हा तासानंतरचा आकडाच कुठं सापडत नाही. आणि डॉक्टरच्या खरा उपयोगाचा तोच. देण्याआधी ७ आणि तासानं ३, म्हणजे औषध लागू पडतंय. आधी ७ आणि तासानं पण ७, म्हणजे गोळी चुकीची किंवा डोस कमी किंवा दुखण्याचं कारणच वेगळं, कदाचित लघवी तुंबलीय, कदाचित पडल्यावर फ्रॅक्चर झालंय आणि कोणाच्या लक्षात आलेलं नाही. हे लिहिलेलं नसलं की महिन्यातून एकदा येणारा डॉक्टर पाच मिनिटं बघतो आणि कंटिन्यू सेम ट्रीटमेंट लिहून जातो. तो तरी काय करणार, त्याच्यासमोर टिकांशिवाय काहीच नाही.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. एका आजीची औषधं आमच्याकडं भरायला आली, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांचे तीन कागद. फॅमिली डॉक्टरनं डोलो ६५० दिवसातून तीनदा, हाडांच्या डॉक्टरनं झीरोडॉल-पी दोनदा, तिसऱ्यानं अल्ट्रासेट दोनदा. नावं तीन, पण पॅरासिटामॉल तिन्हीत. १९५० अधिक ६५० अधिक ६५०, झालं ३२५० मिलिग्रॅम. धडधाकट माणसाला दिवसाला ४ ग्रॅम ही वरची मर्यादा असते, तेव्हा कोणी म्हणेल अजून जागा आहे. पण ही आजी ४२ किलोची, जेवण दोन घास, ५० किलोच्या आतल्या अशक्त माणसाला मर्यादा बरीच खाली आणावी लागते, नाहीतर लिव्हरला फटका. वर सर्दी झाली तर केअर होमवाले आपल्या डब्यातली सर्दीची गोळी देणार, तिच्यात पुन्हा पॅरासिटामॉल. मी फोन लावला म्हणून हे कळलं. तीन दुकानातून औषधं घेतली असती तर कोणाच्याच नजरेत आलं नसतं, कारण तिन्ही औषधं एका पानावर लिहिलेलीच नव्हती.

आणि ती झीरोडॉल-पी, म्हणजे त्यातलं अ‍ॅसिक्लोफेनॅक, ती तर वेगळीच कथा. गुडघेदुखीला आपल्याकडं ही गोळी चण्या-फुटाण्यासारखी खातात. पण म्हाताऱ्या माणसाला आधीच बीपीची टेल्मिसार्टन चालू, लघवी व्हायची गोळी चालू, त्यात ही घातली की किडनीवर तिहेरी मार बसतो. पाय सुजतात, मग कोणीतरी म्हणतं पाणी साठलं, लघवीची गोळी वाढवा, आणि किडनी अजून बसते. वहीत पेनकिलर सुरू केल्याची तारीख आणि सूज आल्याची तारीख शेजारी शेजारी असती तर कोणाच्याही डोक्यात लाइट पेटली असती. पोटातून रक्त जाणं, काळी शी होणं, हे पण तसंच, शी काळी झालीय हे फक्त अटेंडंटला दिसतं, डॉक्टरला नाही, आणि ते लिहायला जागाच नाही. ट्रॅमाडॉलचं म्हणाल तर चक्कर, गुंगी, बद्धकोष्ठ. रात्री टॉयलेटला उठून पडलेल्या माणसानं झोपताना काय घेतलं होतं हे विचारायचं असतं, पण वही काय सांगणार, टिक.

पॅचचं तर बोलूच नका. कॅन्सरच्या पेशंटला अंगावर चिकटवायचा फेंटानिलचा, म्हणजे फार मजबूत पेनकिलरचा पॅच लावतात तो ७२ तासांचा, ब्युप्रेनॉर्फिनचा असला तर ७ दिवसांचा. ओळखीतल्या एकांच्या वडिलांना अंघोळ घालताना पाठीवर दोन पॅच सापडले, एक खांद्याच्या मागं, दुसरा खाली बनियनच्या आत. जुना काढायचा कोणाच्या लक्षातच नाही, नवा लावला तो वेगळ्या ड्यूटीवाल्यानं. माणूस गुंगीत, जेवायला उठेना, आणि सगळे म्हणतायत वय झालं, आता असंच चालायचं. जुन्या पॅचमध्ये पण औषध शिल्लक असतं हो! पॅचवर पेनानं तारीख-वेळ लिहायची, वहीत शरीराचं चित्र काढून कुठं लावलाय तिथं खूण करायची, जुना काढल्याची वेगळी सही, चिकट बाजू आत दुमडून टाकायचा. आणि त्याच्यावर गरम पाण्याची पिशवी चुकूनही ठेवायची नाही, उष्णतेनं औषध भराभर अंगात उतरतं. एवढं केलं तर पुरे, त्याला काही मशीन लागत नाही.

ज्यांना बोलताच येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतो. माझ्या मावशीला डिमेन्शिया आहे. मधे एकदा फोन आला की ती फार त्रास देते, अंघोळीच्या वेळी बोचकारते, रात्रभर ओरडते, तर झोपेची गोळी सुरू करू का. अशा वेळी झोपेची गोळी सगळ्यांच्या सोयीची असते, तिच्या सोडून. अमेरिकेतल्या लोकांनी २००३ मध्ये अशा पेशंटसाठी पेनॅड नावाची एक पट्टी बनवली, त्यात पाच गोष्टी फक्त बघायच्या असतात, श्वास कसा चाललाय, कण्हते-रडते का, चेहरा कसा आहे, अंग आखडलंय का, आणि हात फिरवून समजूत काढली तर शांत होते का. प्रत्येकाला ० ते २ मार्क, एकूण १०. शिकायला अर्धा तास पण नको. नॉर्वेत २०११ साली एक अभ्यास छापून आला, १८ नर्सिंग होममधले डिमेन्शियाचे ३५२ पेशंट, अर्ध्यांच्या दुखण्यावर पायरीपायरीनं नीट उपचार केला तर आठ आठवड्यांत त्यांचा आरडाओरडा, मारामारी बऱ्यापैकी कमी झाली. आणि त्यातल्या बहुतेकांना लागलं काय तर साधं पॅरासिटामॉल. मावशीचा दाढेचा गळू होता. ते कळलं कसं तर मी चार दिवस तिच्या जेवणाच्या वेळा आणि ओरडण्याच्या वेळा एका कागदावर लिहायला लावल्या म्हणून.

काही लोक म्हणतील की उगाच कागद वाढवू नका, कागद वाढला की डॉक्टर मजबूत पेनकिलर लिहायलाच घाबरतात. यात तथ्य आहे, आणि आपल्या देशात हे होऊन गेलंय. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला, लायसन्सच्या आणि शिक्षेच्या भीतीनं हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ मधल्या ७१६ किलोवरून १९९७ मध्ये १८ किलोवर आला. ज्या देशात सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि बाहेर जाते त्या देशात कॅन्सरचे पेशंट तळमळत गेले. २०१४ मध्ये कायदा सुधारला, आता मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय. पण त्या वेळचा कागद हा चोरी पकडायचा कागद होता, त्यात गोळी मोजली जायची, दुखणं नाही. मी म्हणते तो कागद उलटा आहे. ज्याच्याकडं लिहिलेलं आहे की आजीचं दुखणं ८ होतं, इतकं मॉर्फिन दिलं, ३ वर आलं, जागी आहे, श्वास ठीक, बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून औषध सोबत चालू आहे, त्या डॉक्टरला घाबरायचं कारण काय? घाबरावं त्यानं ज्याच्याकडं काहीच लिहिलेलं नाही.

अमेरिकेत नर्सिंग होमला नियमच आहे की प्रत्येक राहणाऱ्याची सगळी औषधं महिन्यातून किमान एकदा फार्मासिस्टनं तपासायची. दुखतं का हे पण तिथं ठरलेल्या फॉर्मवर त्या माणसालाच विचारतात, मागच्या ५ दिवसांत दुखलं का, झोप मोडली का. इंग्लंडमध्ये केअर होममधल्या औषधांसाठी २०१४ ची सरकारी मार्गदर्शिका आहे. तिथं सगळं सोन्याहून पिवळं आहे असं मी म्हणत नाही, खोट्या टिका तिथं पण मारत असतील. पण निदान विचारणारा कोणीतरी आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या वरची माणसं ११.२ टक्के होती, देशाची सरासरी ८.६. केरळ सोडलं तर तेव्हा आपल्याइतकं म्हातारं राज्य नव्हतं, आणि पोरं तर परदेशात. तरी आपण अजून फळं वाटतोय.

चालवणाऱ्यांची अडचण मला मान्य आहे. शिकलेली नर्स परवडत नाही, अटेंडंट झारखंडची नायतर ओडिशाची, तिला कोकणी येत नाही, आजीला हिंदी येत नाही. चवथीला अर्धा स्टाफ घरी जातो, एजन्सीची नवी माणसं येतात, त्यांना कोण कुठल्या कुशीवर झोपतं हे पण माहीत नसतं. पण मग अशा वेळीच तर लिहिलेलं पाहिजे ना! सगळं एका सिस्टरच्या डोक्यात असलं तर ती पेडण्याला आपल्या घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधत असताना इथं कोणाला विचारणार? दुसरी भीती म्हणजे लिहिलं तर नातेवाईक केस करतील. माझा अनुभव वेगळा आहे, नातेवाईक भडकतात ते लपवल्यावर. डोस चुकला, लिहिला, फोन करून सांगितला, तर माणूस चिडतो पण ऐकून घेतो.

नातेवाइकांना पण दोन शब्द सुनवायचेत. व्हिडिओ कॉलवर "मम्मी कशी आहेस" विचारून भागत नाही, ती बरीच आहे म्हणणार. महिन्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो मागा. सगळीकडं ० ० ० असं लिहिलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ऐंशी वर्षांच्या संधिवाताच्या माणसाचं महिनाभर दुखणं शून्य असेल तर एक तर चमत्कार झालाय नायतर कोणी विचारलेलं नाही. आणि घरून येताना स्वतःच्या मनानं पेनकिलरची स्ट्रीप आणून उशीखाली ठेवू नका, हे फार चालतं, ती गोळी कुठल्याच हिशोबात येत नाही.

सरकारची प्रोव्हेदोरिया, म्हणजे गरजूंना मदत करणारी संस्था, स्वतः वृद्धाश्रम चालवते, तर सुरुवात तिथूनच व्हावी, कायदा बदलायची पण गरज नाही, एक सर्क्युलर पुरे. प्रत्येक माणसामागं एकच औषधपत्रक, त्यावर सगळ्या डॉक्टरांची सगळी औषधं, आणि दुखण्याचं वेगळं पान. खाजगी केअर होमची तपासणी होते तेव्हा स्वयंपाकघर आणि फायर एक्स्टिंग्विशर बघतात तसं हे पान पण बघा, पाच मिनिटं लागतील. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आणि फार्मसी कॉलेजात दरवर्षी एवढी मुलं शिकतात, त्यांना महिन्यातून एक सकाळ वृद्धाश्रमात पाठवलं तर तिघाचौघांच्या पॅरासिटामॉलची बेरीज तरी होईल. आम्ही दुकानदार फार्मासिस्ट पण करू, मी माझ्यापुरतं तयार आहे, गुरुवारी दुपारी दुकान बंदच असतं.

दुखण्याच्या पानाचा एक नमुना मी कोकणी, मराठी आणि हिंदीत तयार केलाय, खाली शरीराचं चित्र आणि तासानंतरच्या आकड्याला मोठा चौकोन. सोबत जोडलाय. जागा असेल तर छापा, नसेल तर तुमच्या ऑफिसात ठेवा, ज्याला हवा तो येऊन झेरॉक्स काढून नेईल.

आपली,
एक फार्मासिस्ट, फोंडा
(नाव छापू नये ही विनंती, मावशी अजून तिथंच आहे)